दहा रुपयांचा वायसर

मागच्या उन्हाळ्यात आमच्या ओट्यावरचा नळ टपटपू लागला. दिवसा घरातल्या गडबडीत ते कळत नसे, पण रात्री स्टीलच्या सिंकमध्ये पडणारा प्रत्येक थेंब बेडरूमपर्यंत ऐकू यायचा. सगळे करतात तेच आम्ही केलं, नळ आणखी घट्ट आवळला. आठवडाभर आवाज थांबला आणि मग दुप्पट जोराने सुरू झाला. शेवटी बोलावलेल्या प्लंबरने एकदा नळाकडे बघितलं आणि निकाल दिला, "हा गेला. नवीन टाका." दोन हजारांचा नवा नळ बसला, जुना माळ्यावर गेला.

दिवाळीच्या आवराआवरीत तो हाती लागला, तेव्हा कुतूहलाने पाना लावून उघडला. पितळेचं अंग ठणठणीत, आटे शाबूत. झिजला होता तो फक्त तळाचा वायसर. नखाएवढी रबराची चकती, तिच्यावर गोल चर पडलेला. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात तसा नवा वायसर दहा रुपयांना मिळाला. तो नळ आता गॅलरीत कुंड्यांपाशी बसवला आहे आणि एक थेंब गळत नाही.

गंमत म्हणजे त्याच प्लंबरने त्याच दिवशी ओट्याखालच्या चिरलेल्या वेस्ट पाइपला चिकटपट्टी गुंडाळली होती आणि "अजून वर्षभर बघायला नको" असं सांगितलं होतं. दोन महिन्यांत ओट्याखालचे पोहे-रव्याचे डबे पाण्यात उभे होते.

नळ आणि सिंक यांच्या बाबतीत बहुतेक घरांत हाच उलटा कारभार चालतो. जे दुरुस्त करायचं ते आपण बदलतो, आणि जे बदलायचं त्याला ठिगळं लावत बसतो. हा उलटा हिशेब कुठून येतो आणि सुलटा कसा करायचा, याचा हा आढावा.

मोरीपासून ओट्यापर्यंत

सिंकला रुळलेला मराठी शब्द नाही, कारण आपल्या घरात सिंक नव्हतंच. होती मोरी. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात चार बोटं खोल, शहाबादी फरशीची, बसून भांडी घासायची जागा. अंघोळीला न्हाणी. या शब्दाने मात्र मोठी मजल मारली. जमिनीतल्या जाळीखाली पाणी धरून ठेवणाऱ्या सापळ्याला देशभरातले इंजिनियर आणि प्लंबर आजही 'नाहणी ट्रॅप' म्हणतात. केरळातल्या किंवा बिहारमधल्या बांधकामाच्या नकाशातही आपली न्हाणी सापडते.

नळाने पाणी आणण्याची विद्या इथे जुनी आहे. सतराव्या शतकात मलिक अंबरने खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, जमिनीखालून खापराच्या नळांनी पाणी खेळवलं. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून पुण्यात पाणी आणून ते हौदांत सोडलं. पण या साऱ्या व्यवस्थेत पाणी वाहतं राहायचं आणि माणूस भांडं घेऊन त्याच्यापाशी जायचा. हवं तेव्हा तोटी पिळून बंद करता येईल असं दाबाचं पाणी शहरात आलं ते विहार तलावासारख्या योजनांमधून. मुंबईत विहारचं पाणी 1860 मध्ये आलं, पुढे तुळशी आणि 1892 मध्ये तानसा. तरीही चाळीत आणि वाड्यात नळ बराच काळ सामाईकच होता. नळकोंडाळ्यावरची रांग, तिथली भांडणं आणि तिथेच जुळलेली नाती हे सगळं एकाच तोटीभोवती घडलं. तोटी बिघडली तर ती दुरुस्त करणं हे घरमालकाचं किंवा नगरपालिकेचं काम.

नळ घरात आला, मग ओटा उभा राहिला. बसून चालणारा स्वयंपाक उभ्याने सुरू झाला आणि मोरीची जागा आधी कडप्प्याच्या चौकोनी खड्ड्याने आणि नंतर स्टीलच्या सिंकने घेतली. आज दोन बेडरूमच्या साध्या फ्लॅटमध्ये सिंक, बेसिन, न्हाणीघरं, वॉशिंग मशीन, गॅलरी मिळून दहा-बारा नळ सहज असतात. गावांतही चित्र बदललं आहे. 2019 मध्ये जलजीवन मिशन सुरू झालं तेव्हा देशातल्या ग्रामीण घरांपैकी साधारण सतरा टक्के घरांतच नळ होता, आणि 2022 मध्ये गोवा हे 'हर घर जल' प्रमाणित झालेलं पहिलं राज्य ठरलं. नळ वाढले त्या वेगाने नळ उघडून बघणारे हात मात्र वाढले नाहीत.

नळाच्या पोटात काय असतं

बाजारात शेकडो तऱ्हांचे नळ दिसतात. भिंतीतून निघणारा बिब कॉक, बेसिनवर उभा असणारा पिलर कॉक, ओट्यावरचा लांब फिरत्या मानेचा सिंक कॉक, गरम-थंड एकत्र करणारा मिक्सर. बाहेरून कितीही वेगळे असले तरी पोटात पाणी अडवण्याच्या मुख्य तऱ्हा दोनच आहेत.

पहिली आट्यांची. दांडा गोल फिरत खाली जातो आणि टोकाचा वायसर पाण्याच्या भोकावर दाबून बसतो. इंग्लंडमधल्या रॉदरहॅमच्या गेस्ट अँड क्राइम्स या कारखान्याने 1845 मध्ये अशा नळाचं पेटंट घेतलं होतं. पावणेदोनशे वर्षं उलटली तरी आपल्या न्हाणीघरातला तीन-चार फेऱ्यांनी बंद होणारा साधा नळ त्याच तत्त्वावर चालतो. भारतीय मानक 781 हे अशाच पितळी नळांसाठी आहे. या रचनेत झिजण्याचं काम मुद्दाम सगळ्यात स्वस्त भागाला दिलेलं आहे. पितळ टिकावं म्हणून वायसर झिजतो. तो दर दोन-तीन वर्षांनी बदलायचा, हे धरूनच हा नळ घडवलेला आहे.

दुसरी तऱ्हा पाव फेरीची. यात एकमेकींवर बसलेल्या दोन गुळगुळीत सिरॅमिक चकत्या असतात. त्यांची भोकं समोरासमोर आली की पाणी सुरू, सरकली की बंद. एका दांडीने गरम-थंड दोन्ही सांभाळणारा मिक्सर हा त्याच घराण्यातला. या मिक्सरची कल्पना अमेरिकेतल्या अल मोएन या तरुणाला 1937 मध्ये नळाच्या गरम पाण्याने हात भाजल्यावर सुचली आणि दहा वर्षांनी असा नळ विक्रीला आला. आजच्या मिक्सरमध्ये चकत्या, दांडी आणि रबरी कडी एका डबीत बंद असतात. तिला कार्ट्रिज म्हणतात. ती बिघडली की डबीच बदलायची. बहुतेक डब्या 35 किंवा 40 मिलिमीटर व्यासाच्या असतात, पण व्यास जुळला म्हणजे खालची भोकं आणि खुंट्या जुळतातच असं नाही. म्हणून जुनी डबी खिशात घालूनच दुकानात जावं.

गळती कुठून होते ते बघितलं की दोष निम्मा सापडतो. नळ बंद असताना तोंडातून थेंब येत असेल तर वायसर किंवा कार्ट्रिज. नळ चालू केल्यावरच दांड्याच्या मुळाशी पाणी येत असेल तर वरचा नट सैल झाला आहे किंवा त्याखालचं पॅकिंग गेलं आहे. पुष्कळदा पाव फेरी आवळूनच काम होतं. फिरत्या मानेच्या बुडाशी पाणी दिसलं तर तिथली रबरी कडी, म्हणजे ओ-रिंग. भिंतीला लागून ओल असेल तर आट्यांवरची टेफलॉन टेप. आणि धार बारीक झाली असेल तर तोंडाची जाळी काढून झटका. निम्म्या वेळा आतून वाळूच पडते.

वायसर बदलणं हे पंधरा मिनिटांचं काम आहे. आधी नळाखालचा अँगल कॉक किंवा टाकीची लाइन बंद करायची. नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ द्यायचं. सिंकच्या जाळीवर फडकं टाकायचं, कारण पडलेला बारीक स्क्रू नेमका तिथेच जातो. मुठीवरची लाल-निळी टिकली नखाने उचकटली की खाली स्क्रू दिसतो. मूठ निघाली की पाना लावून वरचा भाग सोडवायचा. पान्याच्या दातांत कापड धरलं तर चकाकीवर ओरखडे येत नाहीत. दांड्याच्या तळाला वायसर असतो. तो काढून बोटांनी त्याच्या खालची जागा, जिला 'सीट' म्हणतात, चाचपायची. गुळगुळीत लागली तर नवा वायसर घालून नळ जोडून टाकायचा. बोटाला खाच लागली तर नवा वायसरही महिन्यात फाटेल. ती सीट घासायचं हत्यार प्लंबरकडे असतं, आणि खाच खोल असेल तर नळ बदलणं हाच शहाणपणा.

इथेच पहिली चूक होते. गळणारा नळ आपण जोर लावून बंद करतो. त्या जोराने वायसर चिरतो, मग दांड्याचं पितळ थेट सीटवर घासतं आणि दहा रुपयांचं दुखणं खरोखर दोन हजारांचं होतं. सिरॅमिक नळाला तर जोर अजिबात लावायचा नसतो. त्याची चकती एकदा तडकली की संपलं.

पाण्याचा दोष

नळ लवकर जातात याचं खापर आपण कंपनीवर फोडतो. पुष्कळदा दोष पाण्यात असतो.

बोअरवेलच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस 10500 मध्ये, कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. टँकर आणि बोअरवर चालणाऱ्या सोसायट्यांत नळाच्या तोंडाशी जमणारा पांढरा थर हाच. तो जाळीत बसतो, चकत्यांमध्ये शिरतो आणि नळ जड फिरू लागतो. उपाय स्वयंपाकघरातच आहे. जाळी काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात बुडवली की थर सुटतो. संडास धुण्याचं ॲसिड मात्र नळाला कधी लावू नये. क्षार जातील, पण वरचा क्रोमचा मुलामाही जाईल आणि खालचं स्टीलचं सिंक डागाळेल.

दुसरा शत्रू म्हणजे ठरावीक तासच येणारं पाणी. लाइन रिकामी होते तेव्हा तिच्यात हवा आणि सांध्यांतून माती शिरते. पाणी सुटलं की हवा फटाक्यासारखी नळातून बाहेर पडते आणि मागोमाग गढूळ पाणी येतं. त्यातला वाळूचा एक कण सिरॅमिक चकत्यांमध्ये अडकला की चरा कायमचा. म्हणून पाणी सुटल्यावर पहिली दोन मिनिटं न्हाणीतल्या साध्या नळाने बादलीत घ्यावं, मिक्सर नंतर उघडावा. ते पाणी कुंड्यांना चालतं.

तिसरी गोष्ट दाबाची. दहा मीटर उंचीवरच्या टाकीचं पाणी साधारण एक बार दाब देतं. प्लंबर त्याला 'एक किलो' म्हणतात. गच्चीवरच्या टाकीखाली लगेच येणाऱ्या मजल्याला तीन-चार मीटरच उंची मिळते, म्हणजे अर्धा किलोसुद्धा दाब नाही. दुकानात झकास दिसणारा परदेशी धाटणीचा मिक्सर तिथे करंगळीएवढी धार देतो. मग लोक तो खराब म्हणून काढतात. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी नळ घेण्याआधी 'किती दाबाला चालतो' हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

सिंक बदलताना

नळाला झिजणारा भाग असतो, सिंकला तसा नसतो. त्यामुळे सिंकच्या बाबतीत दुरुस्तीला वाव कमी आणि निवडीला महत्त्व जास्त.

कडप्प्याचं जुनं सिंक दगडाच्या पाच तुकड्यांचं असतं. दगड पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, गळतात ते सांधे. पांढरं सिमेंट भरून वर्ष-दोन वर्षं ढकलता येतं. पण एकदा पलीकडच्या भिंतीवर ओल दिसली की सांध्यातून पाणी आत मुरतं आहे हे ओळखावं. अशा वेळी दर पावसाळ्याला सिमेंट भरण्यापेक्षा सिंक काढणंच स्वस्त पडतं.

स्टीलच्या सिंकची खरेदी ही खास फसगतीची जागा. दुकानदार सिंकला लोहचुंबक लावून दाखवतो. चिकटलं नाही की "बघा, 304 आहे" म्हणतो. 304 या स्टीलमध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. स्वस्तातल्या 202 मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं. पण चुंबक या दोन्हींना जवळजवळ सारखाच चिकटत नाही. चुंबकाने फक्त अगदी हलकं, निकेल नसलेलं स्टील पकडलं जातं. 304 आणि 202 मधला फरक कळतो तो चार-पाच वर्षांनी, कोपऱ्यात तांबूस ठिपके उमटतात तेव्हा. म्हणून चुंबकापेक्षा बिलावर '304' लिहून घ्यावं आणि आयएस 13983 चा शिक्का बघावा. हे घरगुती स्टील सिंकचं मानक आहे. शिक्क्याखालचा परवाना क्रमांक 'बीआयएस केअर' या सरकारी ॲपवर पडताळता येतो. पत्र्याची जाडी बोटांनीच कळते. मध्यभागी अंगठ्याने दाबल्यावर पत्रा डब्याच्या झाकणासारखा टक्‌टक्‌ वाजला तर तो पातळ आहे. कुकर ठेवला की असं सिंक बसतं आणि पाणी जाळीकडे जायचं सोडून मधेच साचतं.

सिंक बदलण्यातली खरी अडचण ग्रॅनाइटच्या भोकाची आहे. जुनं सिंक 24 बाय 18 इंची असलं तरी भोकाचं माप वेगळं असतं आणि प्रत्येक कंपनीची कड वेगळी. आधी सिंक पसंत करून मग ओटा कापायला घेणं म्हणजे धूळ, आवाज आणि चिरलेला ग्रॅनाइट. आधी भोक मोजावं, मग दुकानात जावं. ओट्याखालून चिकटवलेल्या सिंकला तर सिलिकॉनबरोबर खालून आधार हवाच. भांड्यांनी भरलेलं सिंक नुसत्या सिलिकॉनवर किती दिवस लटकणार?

बेसिनबद्दल एकच गोष्ट सांगायची आहे. चिनी मातीच्या बेसिनला केसाएवढी चीर दिसली तरी ते बदला. त्याला दुरुस्ती नाही. बेसिन भिंतीतल्या बोल्टवर तोललेलं असतं, मुलं त्याच्यावर रेलून दात घासतात आणि फुटलेल्या चिनी मातीची धार सुरीसारखी कापते.

ओट्याखालचा अंधार

ओट्याखालचं कपाट उघडून तिथे बॅटरी मारून बघायची सवय आपल्याला नाही. बदलायच्या वस्तू मात्र तिथेच असतात.

पहिली म्हणजे अँगल कॉक. भिंतीतून येणारं पाणी आणि नळ यांच्या मधला हा छोटा कॉक. त्या एका नळाचं पाणी तोडणं एवढंच त्याचं काम. तो वर्षानुवर्षं कोणी फिरवत नाही. मग ज्या रात्री कनेक्शन पाइप फुटतो त्या रात्री तो जाम झालेला असतो, मूठ हातात येते, आणि घरातला एक माणूस अंधारात गच्चीवर टाकीचा व्हॉल्व्ह शोधत फिरतो.

दुसरी, तो कनेक्शन पाइप. बाहेरून स्टीलची जाळी असली तरी आत रबराची नळीच असते. ती आतून कडक होत जाते आणि जाळी चकचकीत असतानाच फुटते. पाच-सात वर्षांनी तो न गळताही बदलून टाकावा. तो बसवताना टेफलॉन टेप लावू नये. तिथे पाणी अडवतो तो नटातला रबरी वायसर, आटे नाहीत. हाताने आवळून पान्याने पाव फेरी दिली की पुरे. भिंतीत सीपीव्हीसीचे पाइप असतील तर भिंतीतल्या जोडात नळ बसवतानाही ही सावधगिरी हवी. टेपचे वीस वेढे देऊन जोराने आवळलं की आतलं एल्बो चिरतं आणि दहा मिनिटांच्या कामाला टाइल्स फोडाव्या लागतात. जुन्या इमारतीत जीआय पाइप असतील तर दुखणं वेगळं. जस्ताचा थर गेला की पाइप आतून गंजत जातो आणि पोकळी पेन्सिलीएवढी उरते. अशा घरात नवनवे नळ बसवून धार वाढत नाही. लाइनच बदलावी लागते.

तिसरी, वेस्ट पाइप आणि ट्रॅप. यू आकाराच्या वळणात किंवा बाटलीसारख्या भांड्यात दोन इंच पाणी कायम उभं राहिलं पाहिजे. गटारातला वास आणि झुरळं तेवढ्यानेच अडतात. आपल्याकडे सिंकचा मऊ पाइप सरळ नाहणी ट्रॅपच्या जाळीत खोचून देतात. जाळीभोवतीची फट उघडी राहते, ट्रॅप महिनोन्‌महिने साफ होत नाही, आणि मग घरात कापूर जाळावा लागतो.

तुंबण्याचं कारण बहुतेक वेळा भाताची शितं, चहाचा चोथा आणि तूप-तेल हेच. तेल गरम पाण्याबरोबर पातळ होऊन जातं आणि पुढे पाइपात गोठून बसतं. कढई धुण्याआधी ती कागदाने पुसून घेतली तर निम्मं तुंबणं थांबतं. तुंबलंच तर आधी रबरी पंप मारा, मग ट्रॅपच्या बाटलीचं बूड बादलीवर उघडा. कॉस्टिकची पूड शेवटचा उपाय. ती टाकल्यावर वरून उकळतं पाणी ओतू नये, उसळून तोंडावर येतं. आणि एका वेळी ॲसिड व ब्लीच पाइपात टाकू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद न्हाणीघरात तो जीवघेणा ठरतो.

कोणाला बोलवायचं?

पुण्या-मुंबईत आलेल्या प्लंबरला गाव विचारलं तर पुष्कळदा ओडिशा, केंद्रापाडा असं उत्तर येतं. त्या जिल्ह्यातल्या कित्येक घरांत हा धंदा पिढ्यांपासून चालत आला आहे, आणि तिथे पट्टामुंडईला खास प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थाही आहे. आपल्या आयटीआयमध्ये हा अभ्यासक्रम 'नळ कारागीर' या सुरेख नावाने चालतो. नाव सुरेख असलं तरी समाजात या कामाला मान नाही, आणि त्याचा परिणाम थेट आपल्या नळावर होतो.

कारण हिशेब बघा. वायसर दहा रुपयांचा. प्लंबरच्या येण्या-जाण्यात दोन तास जातात आणि त्याचे दोनशे रुपये मागितले तर गिऱ्हाईक म्हणतं, "दहा रुपयांच्या कामाला दोनशे?" तोच दोन हजारांचा नळ बसवून चारशे मागतो तेव्हा कोणी कुरकुरत नाही. शिवाय वायसर बदलूनही नळ गळला तर फुकट दुसरी फेरी त्याच्याच माथी. दुरुस्तीच्या कौशल्याला आपण पैसे देत नाही, म्हणून तो आपल्याला वस्तू विकतो. माझ्या घरी आलेल्या प्लंबरचं चुकलं, पण ती सवय त्याला आमच्यासारख्या गिऱ्हाइकांनीच लावली.

याच्या अगदी उलट उदाहरण मीरा रोडचं आहे. लेखक-चित्रकार आबिद सुरती यांनी 2007 मध्ये तिथे एक साधं काम सुरू केलं. दर रविवारी एका प्लंबरला घेऊन इमारतींत जायचं, दारं वाजवायची आणि गळणारे नळ फुकट दुरुस्त करून द्यायचे. पहिल्या वर्षी त्यांनी 1,666 घरं पालथी घातली आणि 414 नळ दुरुस्त केले. म्हणजे साधारण दर चार घरांमागे एक नळ. लोकांना गळती दिसत नव्हती असं नाही. एवढ्याशा कामासाठी कोणी येत नव्हतं.

सोसायटीत भांडण होतं ते खर्च कुणाचा यावरून. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींची वाटणी स्पष्ट आहे. बाहेरची सामाईक पाण्याची आणि सांडपाण्याची लाइन, टाक्या, पंप आणि त्यांच्यातून होणारी गळती संस्थेच्या खर्चाने. घरातल्या सिंक-संडासातून होणारी गळती ज्याच्या घरातून होते त्याच्या खर्चाने. खालच्या घराच्या छतावर ओल उमटली की आधी वरच्या घरातलं सिंक, ट्रॅप आणि नळ रात्रभर बंद ठेवून बघावं. सकाळी डाग सुकू लागला तर वाद तिथेच मिटतो.

थेंबांचा हिशेब

गळणाऱ्या नळाबद्दल मोठमोठे आकडे फेकले जातात. आपण साधा हिशेब करू. सलाइनच्या नेहमीच्या सेटमध्ये साधारण 20 थेंबांचा एक मिलिलीटर धरतात. सेकंदाला एक थेंब पडला तर दिवसाचे 86,400 थेंब, म्हणजे सव्वाचार लिटर, आणि वर्षाचे दीड हजार लिटरच्या वर. नळाचा थेंब सलाइनच्या थेंबापेक्षा जाड असतो, त्यामुळे हा आकडा कमीत कमी आहे. जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसामागे दिवसाला 55 लिटर पाणी धरलं आहे. म्हणजे शहरातला एक टपटपता नळ वर्षभरात गावातल्या एका माणसाचं जवळपास महिनाभराचं पाणी गटारात सोडतो.

धार आवरणारी जाळी हा त्याहून सोपा उपाय. हवा मिसळणारी जाळी नळाला लावली की तेवढीच भांडी निम्म्या पाण्यात निघतात. 2024 च्या टंचाईत बेंगळुरूच्या जलमंडळाने अशा जाळ्या सक्तीच्या केल्या. आपण टंचाईची वाट बघायला नको. वरच्या मजल्यावर मात्र आधी दाब बघून जाळी निवडावी.

नवा नळ घ्यायचाच असेल तर दुरुस्तीचा विचार दुकानातच करा. ज्याचं कार्ट्रिज त्याच दुकानात सुटं मिळतं तोच नळ घ्या. नळ उलटा करून आट्यांच्या आत डोकावा. आत पिवळं दिसलं तर पितळ, करडं दिसलं तर जस्ताचा मिश्रधातू. तो आवळताना मोडतो. चांगल्या प्लॅस्टिकचा नळ करड्या धातूच्या चमकदार नळापेक्षा केव्हाही बरा, निदान तो पितळेचं सोंग आणत नाही.

तेव्हा माझा निवाडा असा. पितळेचा नळ गळला तर आधी वायसर, मग कार्ट्रिज, नळ सगळ्यात शेवटी. कनेक्शन पाइप, चिरलेलं बेसिन, तडकलेला वेस्ट पाइप आणि आतून गंजलेली लाइन यांच्या बाबतीत दुरुस्तीचं नाव काढू नका, सरळ बदला. वायसर बदलायला आलेल्या कारागिराला त्याच्या वेळेचे पैसे बिनतक्रार द्या. आणि हा लेख वाचून झाला की ओट्याखालचं कपाट उघडून अँगल कॉक एकदा पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. फिरला तर महिन्यातून एकदा फिरवत राहा. नाही फिरला, तर तुमच्या घरात सगळ्यात आधी बदलायची वस्तू तीच आहे.